पी.व्ही.सी. पाइपलाइन : माती ओढण्यापूर्वी काय पाहावे?



विहिरीवरून किंवा नदीवरून शेताच्या माथ्यापर्यंत पी.व्ही.सी. पाइपलाइन टाकणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. पाटाने पाणी न्यायचे म्हटले की ते वाटेत मुरते, पाट फुटतो, बांधावरचे तण पोसले जाते आणि दारे धरणाऱ्याची रात्र जाते. पाइपातून तेच पाणी जसेच्या तसे सरीच्या तोंडाशी येते. ठिबक बसवलेल्या सभासदांनाही मुख्य लाइन हीच लागते. त्यामुळे कोणी कर्ज काढून, कोणी उसाच्या बिलातून, तर कोठे चार-पाच भाऊबंद मिळून लाइन टाकतात. खर्च मोठा असतो आणि तो एकदाच करायचा असतो.

पण हीच लाइन दोन-तीन वर्षांत फुटू लागली की काय होते, हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. लाइन फुटते ती बहुधा चैत्र-वैशाखात, कारण पंप सर्वांत जास्त त्याच वेळी चालतो. उसाला त्या दिवसांत आठ-दहा दिवसांनी पाणी लागते. वीज पाळीची. लाइन फुटली की पहिला दिवस कोठे फुटली हे शोधण्यात जातो, दुसरा उभ्या उसात खड्डा काढण्यात, तिसरा फिटरची वाट पाहण्यात. सांधा वाळून पाणी सुरू होते तोवर पाळी गेलेली असते. ऐन फुटव्याच्या किंवा वाढीच्या काळात उसाला बसलेला हा ताण मागाहून कितीही पाणी दिले तरी भरून येत नाही. कांड्या आखूड पडतात आणि ते वजन काट्यावर दिसते.

गटागटांतून फिरताना अशा फुटलेल्या लाइनी उकरलेल्या आम्ही पुष्कळ पाहिल्या. काढलेला तुकडा हातात घेऊन नीट पाहिला तर मूळ पाइपच खराब होता असे क्वचितच आढळते. सांध्यात सोल्युशन अर्ध्याच भागाला लागलेले असते, सॉकेट जाळावर भाजून काळे पडलेले असते, पाइपाखाली टोकदार दगड असतो, नाहीतर वळणावर मागे आधारच दिलेला नसतो. म्हणजे दुखणे बसवण्यातले असते. आणि गंमत अशी की, हे सारे दोष चर उघडा असेपर्यंत डोळ्यांना दिसतात आणि तासाभरात दुरुस्त होतात. एकदा माती ओढली की तोच दोष शोधायला उभा ऊस तुडवावा लागतो. म्हणून या लेखात, फिटर काम करीत असताना सभासदाने शेजारी उभे राहून काय काय पाहावे, ते क्रमाने सांगत आहोत.

१. पाइप निवडताना : इंच आणि किलो

दुकानात आपण 'तीन इंची, चार किलोचा पाइप द्या' असे म्हणतो. यातले इंच म्हणजे जाडी-रुंदीचा ढोबळ अंदाज. पाइपावर छापलेले माप हे बाहेरील व्यासाचे, मिलिमीटरमध्ये असते. साधारणपणे ६३ मि.मी. म्हणजे आपला दोन इंची, ७५ म्हणजे अडीच इंची, ९० म्हणजे तीन इंची आणि ११० म्हणजे चार इंची.

किलो म्हणजे पाइपाचे वजन नव्हे. एक चौरस सेंटिमीटर जागेवर किती किलोचा दाब तो पाइप सतत सोसू शकेल, तो हा आकडा. हिशेब सोपा आहे : पाण्याची १० मीटर उंची म्हणजे एक किलो दाब. पंपापासून शेताचा माथा २० मीटर उंच असेल आणि वाटेत घर्षणाने आणखी ५ मीटर जात असतील, तर पंप चालू असताना पंपाजवळच्या पाइपावर अडीच किलोचा दाब येतो. व्हॉल्व्ह एकदम बंद झाला किंवा वीज गेली की धक्क्याने तो याहून वाढतो. म्हणून चालू दाबाच्या अगदी काठावरचा पाइप घेऊ नये.

आणखी एक. दाब सगळ्या लाइनीवर सारखा नसतो. पंपाजवळ सर्वांत जास्त आणि माथ्याकडे कमी कमी होत जातो. म्हणून लांब व चढाच्या लाइनीत खालचा टप्पा सहा किलोचा व वरचा टप्पा चार किलोचा टाकला तरी चालते, पैसेही वाचतात. मात्र चर भरताना पाइप उलटसुलट होऊ देऊ नयेत. चार किलोचे तुकडे पंपाकडे गेले की लाइन तेथेच फुटणार. तसेच पाइपावर छापलेली दाबाची ताकद सुमारे २७ अंश तापमानाची आहे. पाइप उन्हात तापला की ती कमी होते. उघड्यावर पसरलेली लाइन आणि जमिनीत तीन फूट पुरलेली लाइन यांत हा मोठा फरक आहे.

पाइपावर आय.एस.आय. चिन्ह आणि आय.एस. ४९८५ हा मानक क्रमांक छापलेला असावा. शेतीपंपाच्या सक्शन व डिलिव्हरीसाठी आय.एस. १२२३१ हा वेगळा मानक आहे. पावतीवर व्यास, किलो आणि नगसंख्या लिहून घ्यावी. काळ्या एच.डी.पी.ई. पाइपाला सोल्युशन धरत नाही. तो व पी.व्ही.सी. एकमेकांना चिकटवण्याचा खटाटोप करू नये.

२. व्यासात काटकसर नको

पाइप बारीक घेतला की खरेदीच्या दिवशी पैसे वाचतात, पण विजेच्या बिलात ते दरवर्षी जातात. समजा सेकंदाला ५ लिटर, म्हणजे तासाला १८ हजार लिटर पाणी ३०० मीटर लांब न्यायचे आहे. नुसत्या घर्षणाने पंपाला किती जादा उंची मारावी लागते ते पाहा :

६३ मि.मी. पाइप – सुमारे १५ मीटर
७५ मि.मी. पाइप – सुमारे साडेसहा मीटर
९० मि.मी. पाइप – सुमारे अडीच मीटर

दोन इंचीऐवजी तीन इंची टाकला तर साडेबारा मीटरची उंची वाचते. पंप व मोटर यांची घट धरली तर ही सुमारे दीड अश्वशक्ती झाली. पाच अश्वशक्तीच्या मोटरीतील दीड अश्वशक्ती नुसती पाइपाच्या भिंती घासण्यात जात असेल, तर 'पंप पाणी कमी फेकतो' अशी तक्रार का येते हे वेगळे सांगायला नको. पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या आत राहील असा व्यास घ्यावा. वेग कमी राहिला की पुढे सांगितलेला पाण्याचा धक्काही कमी बसतो.

३. चर आणि तळ

पाइपाच्या पाठीवर किमान तीन फूट माती राहील इतका खोल चर घ्यावा. पलटी नांगर, सबसॉयलर आणि ऊस भरून चाललेला ट्रॅक्टर-ट्रॉलीचा भार यांपासून एवढ्या खोलीवर लाइन सुरक्षित राहते. रस्ता ओलांडताना पाइप मोठ्या सिमेंट पाइपातून न्यावा.

खोलीपेक्षाही महत्त्वाचा तळ. जे.सी.बी.ने चर काढला की तळाला खाचखळगे व दगडांची टोके राहतात. तशा तळावर पाइप टाकला की तो दोन दगडांवर पुलासारखा लोंबतो, वरून मातीचा भार येतो आणि एखाद्या वर्षी बरोबर दगडाच्या टोकाशी चीर जाते. म्हणून तळ फावड्याने सारखा करून चार बोटे जाडीचा मऊ मातीचा किंवा वाळूचा थर द्यावा. सॉकेट जेथे येते तेथे थोडी खोलगट जागा करावी, म्हणजे पाइप सबंध लांबीने जमिनीवर टेकेल. काळ्या जमिनीत ही काळजी दुप्पट घ्यावी. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि पाइपाला ओढते. तेथे पाइपाभोवती चाळलेला बारीक मुरूम किंवा वाळू घातलेली बरी.

पाइप चरात आणताना ओढत-घासत आणू नयेत. लाइन टाकेपर्यंत ते सावलीत, सपाट जागेवर ठेवावेत. महिनोन्‌महिने उन्हात पडलेला पाइप कडक व ठिसूळ होतो. तो दिसायला साबूत असला तरी ठोक्याला तडकतो.

४. सोल्युशनचा सांधा

सहा मीटरचे पाइप धरले तर ३०० मीटरच्या लाइनीत पन्नासेक सांधे येतात. एकोणपन्नास चांगले आणि एक कच्चा असला तरी लाइन कच्चीच. म्हणून हा भाग आम्ही विस्ताराने देतो.

सोल्युशन म्हणजे डिंक नव्हे. डिंक दोन वस्तूंच्या मध्ये राहून त्यांना धरतो. सोल्युशन मात्र पी.व्ही.सी.चा वरचा पापुद्रा विरघळवते. दोन्ही पृष्ठभाग मऊ होऊन एकमेकांत मिसळतात आणि आतील द्रव उडून गेला की दोन्ही पाइप एकजीव होतात. हे एकदा लक्षात आले की पुढची प्रत्येक पायरी का करायची ते आपोआप कळते.

(अ) पाइप काटकोनात कापावा. पाइपाभोवती कागदाची पट्टी गुंडाळून खूण केली की करवत तिरकी जात नाही. तिरका कापलेला पाइप सॉकेटमध्ये एका बाजूलाच टेकतो.

(आ) कापलेल्या कडेचा कीस व धार कानशीने काढून बाहेरची कड थोडी उतरती करावी. धार तशीच राहिली तर पाइप आत जाताना ती सोल्युशन खरवडून पुढे लोटते आणि सांधा कोरडा राहतो.

(इ) सोल्युशन लावण्यापूर्वी एकदा कोरडाच बसवून पाहावा. पाइप सॉकेटच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांश खोलीपर्यंत जाऊन अडला पाहिजे. सैलपणे तळापर्यंत गेला तर तो सांधा धरणार नाही. तेथे पाइप किंवा फिटिंग बदलावे. सॉकेटची पूर्ण खोली मोजून पाइपावर पेन्सिलीने खूण करावी.

(ई) दोन्ही पृष्ठभाग कोरड्या, स्वच्छ फडक्याने पुसावेत आणि काचकागदाने हलकेच घासून चकाकी घालवावी. चिखल, तेलकट हात, पाण्याचा थेंब यांतले काहीही असले तर पी.व्ही.सी. विरघळत नाही. पावसात किंवा चरात पाणी असताना सांधा करू नये.

(उ) ब्रश पाइपाच्या व्यासाच्या निम्म्याइतका रुंद असावा. बोटाने किंवा काडीने सोल्युशन फासण्याची पद्धत सोडावी. आधी सॉकेटच्या आत पातळ थर, मग पाइपावर खुणेपर्यंत सर्व बाजूंनी भरपूर थर. पाइपाची खालची बाजू फिटरला दिसत नाही आणि तीच बहुधा कोरडी राहते. ती वाकून पाहावी. सॉकेटच्या आत मात्र सोल्युशन साचू देऊ नये. साचलेले सोल्युशन आतून पाइप मऊ करीत राहते आणि तेथे पुढे फुगा येतो.

(ऊ) थर ओला असतानाच पाइप सरळ आत लोटून पाव वळसा द्यावा आणि खुणेपर्यंत बसवावा. अर्धा मिनिट दाबून धरावा, नाहीतर तो मागे सरकतो. तोंडाशी सर्व बाजूंनी सारखी ओघळ दिसली तर थर पुरेसा होता असे समजावे. जादा सोल्युशन फडक्याने पुसून टाकावे.

(ए) त्यानंतर निदान पाच-दहा मिनिटे सांध्याला हिसका देऊ नये. पाण्याचा दाब मात्र चोवीस तासांनीच द्यावा. 'संध्याकाळी वीज आहे, आजच पाणी काढू' या घाईने पुष्कळ सांधे बिघडले आहेत.

सोल्युशनचा डबा काम नसताना झाकून ठेवावा. दाट झालेले, दोरीसारखी तार धरणारे सोल्युशन पातळ करून वापरू नये, ते टाकून द्यावे. ते भडकन पेट घेते, म्हणून जवळ विडी-काडी नको.

काही ठिकाणी सॉकेट नसलेला पाइप पाचटाच्या जाळावर धरून त्याचे तोंड फुगवतात व त्यात दुसरा पाइप कोंबतात. पी.व्ही.सी. सुमारे ८० अंशांवरच मऊ पडते. जाळाची उष्णता याच्या कितीतरी पट असते. पाइप एका बाजूला करपतो, दुसऱ्या बाजूला ताणला जाऊन पातळ होतो आणि नेमका सांधाच सर्वांत दुबळा ठरतो. त्यातून निघणारा धूरही छातीला बाधतो. कपलर घ्यावा. कपलरची किंमत एका वेळच्या खोदाईच्या मजुरीपुढे काहीच नाही.

५. उन्हात लाइन जोडताना

पी.व्ही.सी. उष्णतेने चांगलेच लांबते. दुपारच्या आणि पहाटेच्या पाइपात २० अंशांचा फरक धरला तर १०० मीटर लाइन १२ ते १४ सें.मी. आखडते. ३०० मीटरला ती जवळजवळ हातभर झाली. दुपारी एकच्या उन्हात ताणून जोडलेली लाइन रात्री थंड झाली की कोठून तरी सुटणारच, आणि ती कच्च्या सांध्यातून सुटते. म्हणून जोडणी सकाळी करावी. लाइन चरात अगदी दोरीसारखी सरळ न ओढता किंचित नागमोडी ठेवावी. माती ओढण्याचे कामही सकाळच्या गारव्यात करावे.

६. पंपाशी जोड

लोखंडी पंप आणि प्लॅस्टिकचा पाइप यांची गाठ पडते ती जागा नाजूक असते. पंप थरथरतो, पाइप थरथर सोसत नाही. पंपाच्या तोंडाशी पहिला तुकडा, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि मुख्य व्हॉल्व्ह लोखंडी फ्लँजवर बसवावेत. त्यांच्याखाली विटांचा किंवा काँक्रीटचा ठोकळा द्यावा आणि त्यानंतर रबरी गॅस्केट घालून फ्लँजनेच पी.व्ही.सी. जोडावी. व्हॉल्व्हचे वजन पाइपावर आणि पाइपाचे वजन पंपावर लोंबकळत राहता कामा नये. फ्लँजचे नट एका बाजूने आवळत न जाता समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत.

प्लॅस्टिकच्या आट्यांना टेफ्लॉन टेप पुरे. ताग व रंग भरून मोठ्या पान्याने आवळले की फिटिंग तडकते, आणि ती तडक त्या दिवशी नव्हे तर महिन्याने कळते.

सक्शनच्या बाजूला पाइप आतून ओढला जातो. तेथे पातळ पाइप चपटा होतो, म्हणून डिलिव्हरीपेक्षा हलका पाइप सक्शनला कधी लावू नये. सक्शनच्या सांध्यातून पाणी गळत नाही, उलट हवा आत शिरते. पंप वारंवार पाणी सोडत असेल तर फुटबॉलला दोष देण्यापूर्वी सक्शनचे सांधे तपासावेत. पंपाजवळचा उघडा पाइप पांढऱ्या रंगाने रंगवावा किंवा झाकावा, म्हणजे ऊन बाधत नाही.

७. वळण, टी आणि शेवटचे टोक

सरळ पाइपात पाणी सगळीकडे सारखे रेटते. वळणावर व बंद टोकाला मात्र ते एकाच दिशेला रेटते. ९० मि.मी. लाइनीत चार किलोचा दाब असेल तर बंद टोकावर सुमारे २५० किलोचा रेटा येतो. म्हणजे ५० किलोची साखरेची पाच पोती. काटकोनी वळणावर तो सुमारे ३६० किलो होतो, म्हणजे सात पोती. पंप सुरू होताना हा भार येतो, बंद होताना जातो. रोजच्या या हिसक्याने एल्बो थोडा थोडा सरकतो आणि एक दिवस सांधा उघडतो.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक एल्बो, टी व शेवटच्या टोपणामागे काँक्रीटचा ठोकळा. तो रेट्याच्या बाजूला, न उकरलेल्या घट्ट जमिनीला टेकलेला असावा. भुसभुशीत भरावाला टेकवलेला ठोकळा पाइपाबरोबर स्वतःही सरकतो. काँक्रीट आणि पाइप यांच्यामध्ये जुन्या टायरच्या ट्यूबचा तुकडा घालावा, म्हणजे पाइप घासणार नाही. जागा असेल तेथे काटकोनी एल्बोऐवजी लांब बेंड वापरावा. रेटा तेवढाच राहिला तरी पाणी सुरळीत वळते.

८. हवा आणि पाण्याचा धक्का

पंप सुरू करतो तेव्हा लाइनीत हवा भरलेली असते. ती उंचवट्यावर अडकते, पाण्याची वाट अडवते आणि दाबली जाऊन एकदम सुटते. तो झटका सांध्यांना बसतो. उलट, पंप बंद झाल्यावर पाणी उतारावर मागे येते आणि उंचवट्यावर पोकळी होऊन पाइप आत ओढला जातो. म्हणून प्रत्येक उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह बसवावा. माथ्याच्या टोकाला दाब थोडा असल्याने तेथे उभा एअर पाइपही चालतो. मात्र त्याची उंची तेथील पाण्याच्या पातळीपेक्षा अधिक हवी.

पाण्याचा धक्का हा दुसरा शत्रू. सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारे पाणी पी.व्ही.सी. लाइनीत एकदम अडवले तर दाब सुमारे तीन ते चार किलोंनी वाढतो. अडीच किलो चालू दाब आणि वर साडेतीन किलोचा धक्का म्हणजे सहा किलो झाले. मग चार किलोचा पाइप फुटला तर नवल काय? म्हणून व्हॉल्व्ह नेहमी सावकाश फिरवावा. एका बाऱ्याचा व्हॉल्व्ह बंद करून दुसऱ्याचा उघडायचा असेल तर आधी दुसरा उघडावा, मग पहिला बंद करावा. हे दारे धरणाऱ्या गड्याला आणि घरातल्या मुलांनाही सांगून ठेवावे.

ऑटो-स्टार्टर लावणाऱ्यांनी विशेष जपावे. रात्री वीज आली की पंप आपोआप सुरू होतो. शेतातले सगळे व्हॉल्व्ह बंद असतील तर रिकाम्या लाइनीत पाणी वेगाने धावते आणि शेवटी आपटते. ऑटो लावायचा तर किमान एक व्हॉल्व्ह उघडा ठेवूनच घरी यावे.

९. चाचणी झाल्याशिवाय माती नाही

पाइप बसला की मधल्या भागावर वीतभर मऊ माती टाकून तो दाबून घ्यावा, म्हणजे तो हलणार नाही. सर्व सांधे मात्र उघडे ठेवावेत. शेवटच्या सांध्याला चोवीस तास आणि काँक्रीटच्या ठोकळ्यांना चार-पाच दिवस झाले की चाचणी घ्यावी.

मुख्य व्हॉल्व्ह थोडासाच उघडून लाइन सावकाश भरावी. शेवटच्या टोकाला पाण्याबरोबर हवा येणे बंद होईपर्यंत ते उघडे ठेवावे. मग ते टोक हळूहळू बंद करीत दाब वाढवावा. पंपाजवळ प्रेशरचा काटा बसवलेला असावा, त्याची किंमत फार नाही. दाब चढला की पंपाजवळचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून पंप थांबवावा. सर्व व्हॉल्व्ह बंद असताना पंप फार वेळ चालू ठेवू नये, तो तापतो. आता काट्याकडे लक्ष ठेवून तासभर लाइनीवरून चालत जावे आणि प्रत्येक सांध्याखाली हात फिरवावा. ओल लागली तर खडूने खूण करावी. काटा उतरत असेल आणि गळती सापडत नसेल तर व्हॉल्व्हही तपासावेत.

सांधा गळत असेल तर वरून सोल्युशन थापून उपयोग नाही. तो कापून नवा करावा. सगळे कोरडे आढळले की मगच माती ओढावी. पहिली वीतभर माती चाळलेली, दगड नसलेली. वरचा भराव थराथराने. फिटरची शेवटची रक्कम चाचणीनंतरच द्यायची, असे बोली करतानाच ठरवून घ्यावे. त्यात कोणाचा अविश्वास नाही, दोघांचीही सोय आहे.

१०. फुटल्यावर

पी.व्ही.सी.वर ट्यूब गुंडाळून तार आवळणे हा त्या पाळीपुरता उपाय आहे. पाळी संपली की फुटलेला भाग दोन्हीकडे निकोप पाइप लागेपर्यंत कापून, नवा तुकडा दोन कपलरनी बसवावा. यातली खरी अडचण म्हणजे लाइनीत पाणी झिरपत राहते आणि सांधा ओला होतो. म्हणून लाइन टाकतानाच सर्वांत सखल जागी एक वॉशआउट व्हॉल्व्ह ठेवावा. त्यातून लाइन रिकामी करता येते आणि साचलेला गाळही निघून जातो. एकाच जागी पुन्हा पुन्हा फुटत असेल तर पाइप बदलून थांबू नये. तेथे तळ, ठोकळा किंवा हवा यांतील काहीतरी चुकलेले आहे, ते शोधावे.

११. सामाईक लाइन आणि दुसऱ्याचे शेत

चार खातेदारांची मिळून लाइन असेल तर कोणी किती खर्च दिला, कोणाचा व्हॉल्व्ह कोठे आणि दुरुस्तीचा खर्च कसा वाटायचा, हे काम सुरू होण्यापूर्वीच कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. लाइन वरच्याच्या शेतात फुटते आणि ऊस खालच्याचा वाळतो, तेव्हा भाऊभाऊही एकमेकांशी बोलेनासे होतात.

दुसऱ्याच्या जमिनीतून लाइन न्यायची असेल तर आधी समजुतीने बोलावे आणि संमती लेखी घ्यावी. समजूत होत नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४९ प्रमाणे तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. विचारल्याशिवाय रातोरात चर काढू नये.

चर उघडा असतानाच लाइनीचा साधा नकाशा काढावा. बांधापासून किती फुटांवर, किती खोल, एल्बो, टी व एअर व्हॉल्व्ह कोठे, हे त्यात लिहावे. मोबाईलवर फोटो काढून ठेवणे तर आता घरातल्या कोणालाही जमते. वळणांवर खुणेचे दगड रोवावेत. दहा वर्षांनी नांगरट करणारा ट्रॅक्टरवाला आपल्या ओळखीचा असेलच असे नाही.

माती ओढण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

हा भाग कापून पंपाच्या खोलीत लावावा :

– पंपाकडे जास्त किलोचे आणि माथ्याकडे कमी किलोचे पाइप, हा क्रम बरोबर आहे ना?
– पाइप सबंध लांबीने मऊ तळावर टेकला आहे ना?
– प्रत्येक सांधा खुणेपर्यंत आत गेला आहे आणि सभोवती ओघळ सारखी दिसते ना?
– कोठे जाळावर भाजलेला सांधा नाही ना?
– प्रत्येक एल्बो, टी व टोकामागे घट्ट जमिनीला टेकलेला ठोकळा आहे ना?
– उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह, सखलात वॉशआउट, पंपावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि प्रेशरचा काटा बसला ना?
– चोवीस तासांनी दाब देऊन तासभर पाहिले ना?
– नकाशा काढला ना?

या आठही प्रश्नांना 'होय' असे उत्तर आले की खुशाल माती ओढावी. एकालाही 'बघू नंतर' असे उत्तर आले तर फावडे खाली ठेवावे. लाइन टाकण्याचे काम सहसा ऊस तुटून गेल्यावर, लागणीपूर्वी निघते. त्या वेळी दोन दिवस जादा गेले तरी पिकाचे काही जात नाही. तेच दोन दिवस वैशाखात गेले तर पूर्ण हंगामाचे जाते.

आपल्या गटात कोणी सभासद लाइन टाकणार असतील तर चर उघडा असतानाच गट कार्यालयात कळवावे. आमच्या विभागाचे कर्मचारी येऊन वरील यादीप्रमाणे लाइन पाहतील. माती ओढल्यावर बोलावले तर आम्हालाही तुमच्याबरोबर नुसते फडाकडे पाहत उभे राहावे लागेल.

– ऊस विकास अधिकारी